पंचेचाळिशीतले विद्यार्थी

जून महिना आला, की दहावी-बारावीच्या पालकांच्या पत्रांत मिसळून अलीकडे काही निराळीच पत्रे येऊ लागली आहेत. मुले मार्गी लागलेल्या गृहिणी, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले अधिकारी, पंचेचाळिशीत कंपनीने नारळ दिलेले अभियंते हे सारे बहुधा एकाच भाषेत विचारतात, की लोक आपल्यापाशी मन मोकळे करतात, आपण स्वतःही पुष्कळ सोसले आहे, तेव्हा सहा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम करून समुपदेशक होता येईल काय? पाटी लावता येईल. समुपदेशक होता येणार नाही.

ज्या गुणावर या मंडळींची सारी भिस्त असते, तोच प्रशिक्षणात प्रथम आड येतो. जावेला, मेहुण्याला, शेजारणीला वर्षानुवर्षे सल्ले देऊन ज्याची जीभ सरावली आहे, त्याला समोरचा मनुष्य बोलता बोलता थांबला असता गप्प राहणे अतिशय जड जाते. आणि जिने स्वतः सासुरवास भोगला आहे, ती समोरच्या सुनेच्या हकिकतीत नकळत आपलीच हकिकत ऐकू लागते. ही खोड ग्रंथवाचनाने जात नाही. झालेल्या संभाषणाची नोंद पर्यवेक्षकापुढे ठेवून, आपले प्रत्येक वाक्य तपासून घेऊन, विशीतल्या सहाध्यायांच्या देखत आपले चुकले हे ऐकून घेतल्यानेच ती झिजते. म्हणूनच, २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा अनेकांना अन्याय वाटला. मला वाटला नाही.

मानसशास्त्राच्या एम. ए.चा मार्ग सर्वांस ठाऊक आहे. पदवीला तो विषय नसल्यास पुष्कळ ठिकाणी अडचण येते, एवढेच सांगून पुढे जातो. माझा आग्रह आहे तो समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचा, म्हणजे एम. एस. डब्ल्यू.चा, जिच्याकडे आपले मध्यमवर्गीय पालक ढुंकूनही पाहत नाहीत. मुंबईचे निर्मला निकेतन किंवा पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था यांसारख्या जुन्या ठिकाणी वाणिज्याचा वा विज्ञानाचा पदवीधरही अर्ज करू शकतो, आणि दोन वर्षे वर्गाबरोबरच क्षेत्रकार्यासाठी रुग्णालयांत, वस्त्यांत, शाळांत जावे लागते. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कुटुंब न्यायालयांतील विवाह समुपदेशक आणि त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या साहाय्याने सुरू केलेल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षातील कार्यकर्त्या यांच्या कामात याच शिक्षणाचा कस लागतो. आणि तेथे, घटस्फोटाच्या अर्जावर सही करून आलेल्या जोडप्यासमोर, पिकलेले केस उपयोगी पडतात. अशा क्षेत्रांत नेमणुका पुष्कळदा कंत्राटी असतात आणि मानधन बेताचे असते, हे मात्र आधीच ऐकून ठेवावे.

पालकांनी मुलांवर आपली हौस लादू नये, असे मी आयुष्यभर लिहीत आलो; आता उलट तक्रार लिहावी लागते. "आई, तू एवढे छान बोलतेस, एखादे चॅनेलच काढ ना," असे सांगणारी मुले, तिने खरोखरच महाविद्यालयात नाव घातले, की मात्र या वयात हे काय, म्हणून कुरकुरू लागतात. त्यांना निक्षून सांगावे, की दोन वर्षे ज्याचा डबा त्याने भरावा. मुलीच्या लग्नासाठी राखलेल्या ठेवीतून आईची फी भरली गेली, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

अर्जाची मुदत संपत आली असता धावपळ करण्यापेक्षा आजच कपाट उघडावे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिका सापडत नसल्यास विद्यापीठाकडून दुय्यम प्रती मिळवण्यास वेळ लागतो. आणि पदवी माहेरच्या नावाने असून आधारकार्ड सासरच्या नावाचे असल्यास विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र यांची तजवीज आधी करावी लागते.