शाळेच्या मैदानावरील हरळी : ऋतुमानानुसार निगा



घोड व भीमा या नद्यांच्या काठची काळी जमीन सोडली, तर शिरूर व दौंड तालुक्यांचा मोठा भाग पर्जन्यछायेतील माळ आहे. येथील पुष्कळ शाळांच्या मैदानांवर पावसाळ्यात चिखल होतो व उन्हाळ्यात फुफाटा उडतो. अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायांत सराट्याचे काटे मोडतात. मैदानाच्या एका भागावर तरी हरळी रुजविली, तर माती धरून राहते, धूळ बसते आणि पडणाऱ्या मुलाचा गुडघा वाचतो. मात्र टंचाईच्या गावात हे काम पाण्याच्या बळावर करावयाचे नसून ऋतूच्या बळावर करावयाचे आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी उत्साहाच्या भरात मार्च महिन्यात हरळी लाविली व मुलांकडून घागरींनी पाणी घालविले. एप्रिलमध्ये विहीर आटली, मग सुट्टी लागली. जूनमध्ये परतलो, तेव्हा साऱ्या कांड्या वाळून गेल्या होत्या. 10 मीटर लांब व तितक्याच रुंद तुकड्यावर 25 मिलिमीटर पाणी द्यावयाचे, तर 2,500 लिटर लागते. म्हणजे 15 लिटरच्या सुमारे 167 घागरी! हे गणित आधी फळ्यावर मांडले असते, तर मुलांचे श्रम व गावाचे पाणी दोन्ही वाचले असते.

पावसाळा : मृगाच्या पहिल्या सरीवर भुलू नये. प्रथम दगड वेचावेत, खळगे भरावेत, पाणी निघून जाईल असा किंचित उतार ठेवावा व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. जमीन वीतभर खोल भिजल्यावर दोन-तीन पेरांच्या कांड्या वीत-वीत अंतरावर लावून पायाने दाबाव्यात. जागा उन्हाची असावी. दाट सावलीत हरळी धरत नाही. मध्यंतरी उघडीप पडून काही कांड्या गेल्या, तरी खचू नये. आपल्या भागाला उत्तरा-हस्ताच्या पावसाचा मोठा आधार असतो. त्या वेळी तुटाळी भरून घ्यावी.

याच दिवसांत तण काढावे. गाजरगवत आपल्या देशात 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले. आज ते गावोगाव आहे. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते व परागाने श्वासाचा त्रास होऊ शकतो. म्हणून मोठ्या माणसांनीच हातमोजे घालून, फुलोऱ्यापूर्वी, ते मुळासकट उपटावे. मुलांना हे काम सांगू नये. सराटाही काटे धरण्यापूर्वीच काढावा.

हिवाळा : थंडीत वाढ मंदावते. पावसाळ्यात माजलेले गवत थंडीपूर्वीच विळ्याने उतरवावे, कारण उंच गवतात साप दडतो. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये. कवायतीची व खेळाची जागा अधूनमधून बदलावी, म्हणजे तुडविलेला भाग सावरतो.

उन्हाळा : हरळी पिवळी पडते, पण रुजलेली हरळी वाळली म्हणजे मेली असे नव्हे. जमिनीखालील कांडे जिवंत राहते व पावसाने पुन्हा फुटते. पिण्याचे पाणी तिला मुळीच घालू नये. पोषण आहारानंतरचे हात धुण्याचे पाणी लहानशा चरीने वळविले, तर एक कोपरा हिरवा राहतो.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. मैदानावर जी हरळी हवीशी, तीच शेतात शिरली तर शेतकऱ्याला नकोशी होते. ती उपटून सहज संपत नाही. शेताच्या बाजूस चर खणावा व त्यात उतरलेली कांडी वेळोवेळी काढावीत.

पाठाशी सांगड : सुतळीने एक चौरस मीटरचा चौकोन आखावा. दरमहा त्यातील वनस्पतींचे प्रकार मुलांनी मोजावेत, गवताची उंची पट्टीने मापावी व वहीत नोंदवावी. क्षेत्रफळ, सरासरी व आलेख या नोंदींतूनच शिकविता येतील. एप्रिलमध्ये एक पिवळी जुडी खणून मुलांना विचारावे, “ही मेली की झोपली?” उत्तर आपण सांगू नये. ती जुडी पुन्हा मातीत पुरून तेथे खूण करावी. जूनमध्ये शाळा उघडून पाऊस पडला, की मुले आपणहून त्या खुणेकडे धावतील.