मोत्यांचा व्यापारी, वसईचे गोन्सालो आणि एक कोरा रकाना

आजचं वाचन: मत्तय १३:४४-४६



आजचा उतारा इतका छोटा आहे की मोबाइलवर स्क्रोल न करता वाचून होतो. तीन वचनं, दोन दाखले. पहिल्यात एका माणसाला शेतात पुरलेला ठेवा सापडतो. तो तो परत झाकून ठेवतो, आनंदाच्या भरात घरी जातो, असेल नसेल ते विकतो आणि ते शेत विकत घेतो. दुसऱ्यात एक व्यापारी चांगल्या मोत्यांच्या शोधात फिरतोय. त्याला अतिशय मोलाचा एक मोती दिसतो आणि तोही सगळं विकून तो घेतो. संपलं.

आपण हे दोन्ही एका दमात वाचतो, 'देवराज्यासाठी सर्वस्व द्या' असा अर्थ काढतो आणि पुढे जातो. अर्थ बरोबरच आहे. पण माझं दिवसभराचं काम कोड वाचण्याचं, त्यामुळे दोन गोष्टी फारच सारख्या दिसल्या की आधी फरक शोधायची सवय लागलेली आहे. इथे तो आहे आणि चांगला ठळक आहे.

पहिला माणूस काहीच शोधत नव्हता. बहुतेक तो दुसऱ्याच्या जमिनीत राबणारा असावा, कारण शेत त्याचंच असतं तर विकत घ्यायची वेळ का आली असती? नांगर अडकला, खणून पाहिलं, ठेवा निघाला. दुसऱ्याचं तसं नाही. त्याचा धंदाच शोधण्याचा. मूळ ग्रीकमध्ये त्याच्यासाठी 'एम्पोरोस' हा शब्द आहे. म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार नव्हे, तर माल घेऊन लांब पल्ल्याचा, बहुधा समुद्रापलीकडचा प्रवास करणारा व्यापारी. 'एम्पोरियम' हा शब्द त्याच मुळातून आला. त्या काळात भूमध्य समुद्राकडे जाणारे मोती इराणच्या आखातातून आणि आपल्या बाजूच्या मन्नारच्या आखातातून यायचे. त्यामुळे या दाखल्यातल्या माणसाच्या अंगाला आपल्याच समुद्राचा वास असणार, असं मला उगाच वाटतं.

अजून एक बारीक गोष्ट. पहिल्या दाखल्यात स्वर्गाचं राज्य ठेव्यासारखं आहे. दुसऱ्यात मात्र ते मोत्यासारखं नाही, व्यापाऱ्यासारखं आहे! शोधणाऱ्या, पारखणाऱ्या, भाव समजणाऱ्या माणसासारखं. येशूने इथे याजक घेतला नाही, मंदिरातला सेवक घेतला नाही. नफा-तोटा कळणारा माणूस घेतला.

आणि असा एक माणूस आपल्याकडे होऊन गेलाय. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने निघालो तर वसई एका दिवसाच्या आत येते. तिथले संत गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून आपण त्यांचं नाव घेतो, वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. पण त्यांच्या आयुष्याचा मधला भाग आपण पटकन ओलांडतो, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

गोन्सालोंचा जन्म साधारण १५५७ चा. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, १५३४ पासून. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट फादरांच्या शाळेत शिक्षण झालं आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, १५७२ मध्ये, ते त्यांच्यासोबत जपानला गेले. तिथे जपानी भाषा इतकी छान शिकले की प्रवचनकार फादरांना त्यांच्याशिवाय चालेना. आठेक वर्षं धर्मशिक्षक म्हणून राबले. त्यांची एकच इच्छा होती, जेझुइट व्हायचं. ती पूर्ण झाली नाही. आई हिंदी असल्यामुळे दार उघडलं नाही, असं चरित्रकार सांगतात. त्या काळच्या बऱ्याच धर्मसंघांचा तसाच पवित्रा होता. यावर पांघरूण घालायचं कारण मला दिसत नाही. ख्रिस्तसभेने ज्याला पुढे वेदीवर बसवलं, त्यालाच ख्रिस्तसभेतल्या माणसांनी आधी दाराशी थांबवलं होतं.

मग त्यांनी काय केलं? रुसून वसईला परत आले नाहीत आणि श्रद्धाही सोडली नाही. व्यापारात पडले. नागासाकी बंदर पोर्तुगीज जहाजांसाठी १५७१ मध्ये खुलं झालं होतं. मकावहून चिनी रेशीम यायचं, जपानी चांदी परत जायची. ज्याला दोन्हीकडची भाषा येते आणि ज्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे, त्याचा अशा ठिकाणी जम बसणारच. गोन्सालोंचा बसला. व्यापारानिमित्त ते फिलिपिन्समधल्या मनिलापर्यंत जाऊ लागले. आजच्या भाषेत सांगायचं तर 'सेटल' झाले.

मनिलात त्यांची गाठ फ्रान्सिस्कन लोकांशी पडली. अनवाणी फिरणारे, जाडेभरडे कपडे घालणारे, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणारे हे लोक. धंदा तेजीत असताना गोन्सालोंनी तो सोडला आणि त्यांच्यात ब्रदर म्हणून सामील झाले. ब्रदर, म्हणजे धर्मगुरू न होता व्रतस्थ राहणारा बंधू. ते शेवटपर्यंत ब्रदरच राहिले. मिस्सा अर्पण करायचा अधिकार त्यांना कधी मिळाला नाही.

'सगळं विकलं' म्हणजे काय, ते इथे नीट बघायला हवं. माल विकला, वखार सोडली, कमाई सोडली. पण व्यापारात जे मिळवलं त्यातलं एक विकता येत नव्हतं: ती जपानी भाषा आणि समोरच्या माणसाला ओळखण्याची नजर. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नराने फादर पेद्रो बाउतिस्ता यांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे दूत म्हणून पाठवलं, तेव्हा दुभाषी म्हणून सोबत गेले ते ब्रदर गोन्सालो. हाच हिदेयोशी १५८७ मध्ये मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढून बसला होता. अशा दरबारात शब्द जपून वापरणारा माणूसच हवा. तोडगा निघाला, राहायला परवानगी मिळाली, क्योटोत मठ उभा राहिला आणि त्याच्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं सुरू झाली. वर्षानुवर्षं रेशमाच्या भावाबद्दल बोलणारी जीभ आता आजाऱ्यांसाठी जागा मागत होती.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं, त्यातला माल जप्त झाला, संशय वाढला आणि हिदेयोशीचा राग भडकला. डिसेंबरमध्ये अटका झाल्या. क्योटोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला. ऐन थंडीत जवळपास महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. त्यात ६ फ्रान्सिस्कन, ३ जेझुइट आणि १७ साधे प्रापंचिक होते. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे. १६२७ मध्ये ते धन्यवादित झाले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिलं.

त्या १७ जणांकडे जरा थांबूया. त्यांत तलवारी घडवणारा होता, स्वयंपाकी होता, औषधं विकणारा होता. मिगेल कोझाकी हे धनुष्य-बाण बनवणारे कारागीर, सोबत त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा तोमास. आणि फ्रान्सिस्को नावाचा एक सुतार. त्याचं नाव मूळ यादीतच नव्हतं. तो आणि पेद्रो सुकेजिरो वाटेत कैद्यांची देखभाल करायला मागोमाग चालले होते, शेवटी पहारेकऱ्यांनी त्यांनाही बांधलं. निघाले तेव्हा २४ होते, पोहोचले तेव्हा २६. पाणी द्यायला गेलेला एक सुतार आज संतांच्या यादीत आहे.

सुतार म्हटलं की मला माझे आजोबा आठवतात, म्हणून थोडं विषयांतर. ते रत्नागिरीजवळच्या एका गावात शेती करायचे. थोडी भातजमीन, थोडी हापूसची कलमं. शिवाय हातात सुतारकाम. तेव्हा आंबा लाकडी पेट्यांतून मुंबईला जायचा, आणि मार्च ते मे या दिवसांत पेट्या ठोकायचं काम म्हणजे वर्षाची रोख कमाई. नगावर पैसे. एक दिवस हात थांबला की तेवढ्या पेट्या गेल्या, कारण बागायतदार थांबत नाही आणि आंबा तर मुळीच थांबत नाही.

पण आमच्या ख्रिस्ती घरांपैकी कुणाकडे मयत झालं की आजोबा पेट्यांचं काम बाजूला ठेवून शवपेटी करायला बसायचे. माळ्यावर आंब्याच्या काही फळ्या त्यासाठीच वाळवून ठेवलेल्या असायच्या. शेजारच्या हिंदू घरात कुणी गेलं तर सरणासाठी लाकूड आमच्याच आवारातून जायचं. त्यांची एक वही होती. पेट्यांचा हिशेब पैशापर्यंत बरोबर. शवपेट्यांच्या ओळीतही नाव आणि तारीख असायची, रकमेचा रकाना मात्र कोरा. कुणी विचारलं तर म्हणायचे, "नंतर बघू." ते 'नंतर' कधी आलं नाही.

हे ऐकायला गोड वाटतं. आजीला नेहमीच गोड वाटायचं असं नाही. आषाढात घरात पैसे नसायचे तेव्हा तिची चिडचिड व्हायची, "लोकांच्या मेलेल्यांना फळ्या, आपल्या जितांना काय?" असं ती स्पष्ट बोलायची. आजोबा ऐकून घ्यायचे. उत्तर द्यायचे नाहीत. पुढच्या वेळी पुन्हा तेच करायचे, आणि आजीच त्यांना रात्री कंदील धरून उभी राहायची.

आजचा पहिला दाखला वाचताना मला दरवेळी एक प्रश्न पडतो: त्या शेतमजुराने असेल नसेल ते विकलं, तेव्हा घरी बायको काय म्हणाली असेल? येशू ते सांगत नाही. गोन्सालोंना बायकामुलं नव्हती, त्यांनी एका झटक्यात सगळं सोडलं. आपल्यातल्या बहुतेकांना ते जमणार नाही आणि आपल्याकडून ते मागितलंही जाणार नाही. युवा मेळाव्यांत कधी कधी 'नोकरी म्हणजे जग, सेवा म्हणजे देव' अशी सरळ फाळणी केली जाते, ती मला पटत नाही. घर चालवणाऱ्या माणसाकडून 'सगळं' हे हप्त्याहप्त्याने मागितलं जातं: ऐन हंगामातला एक दिवस, माळ्यावरच्या चार फळ्या, वहीतला एक कोरा रकाना. आणि ती किंमत एकटा माणूस भरत नाही, कंदील धरणाराही भरतो. माझ्या मते दोघांचाही हिशेब वर लिहिला जातो.

दाखल्यात एक शब्द आहे जो घाईत निसटतो. पहिला माणूस आनंदाच्या भरात विकायला जातो. त्याग करतोय असं त्याला वाटतच नाही, तो तर सौदा साधतोय. ज्याला मोत्याचा भाव कळतो त्याला किंमत जड वाटत नाही. आजोबांना मी शवपेटी करताना लहानपणी पाहिलंय. उदास नसायचे ते. रंधा मारताना हलकेच गुणगुणायचे.

शनिवार-रविवारी वसईला गेलात तर किल्ल्यात जरूर जा. तिथे गोन्सालोंच्या नावाचं चर्च आहे. तिकडे नागासाकीत निशिझाकाला १९६२ मध्ये, त्यांच्या संतपदाला शंभर वर्षं झाली तेव्हा, २६ जणांच्या पुतळ्यांचं स्मारक उभारलंय. एका ओळीत सगळे, सुतारही आणि वसईचे ब्रदरही, सारख्याच मानाने. जगभरची ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारीला संत पॉल मिकी आणि त्यांचे सोबती म्हणून या सगळ्यांची आठवण करते.

आज रात्री उतारा पुन्हा वाचाल तेव्हा एक करून बघा. तुमच्या कामात असं काय आहे जे विकता येत नाही, ते एका ओळीत लिहा. भाषा, हात, हिशेबाचं डोकं, माणसं सांभाळायची हातोटी, काहीही. आणि त्याखाली एका माणसाचं नाव लिहा, ज्याला ते या आठवड्यात उपयोगी पडेल. रकमेचा रकाना कोरा सोडा.

प्रभू, आमच्या हातांना भाव कळू दे. जे आमच्यासाठी कंदील धरून उभे राहतात त्यांना उजेड दे. संत गोन्सालो, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.

उद्या पुढचा दाखला, जाळ्याचा: मत्तय १३:४७-५०. रत्नागिरीकरांना तो समजावून सांगायची गरज नाही, पण तरी भेटू.