पहिला वाढदिवस सुरतेत: तीस माणसं, पाच हजारांचा हिशेब

लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. बाळाचा पहिला वाढदिवस जवळ आला की तिथं पहिला फोन जातो डेकोरेशनवाल्याला. फुग्यांची कमान, बॅनर, किलोभर केक, केटरर आणि रिटर्न गिफ्ट धरून तीस माणसांचा थाट तेरा-चौदा हजारांत जातो. कचरा कमी करायचा तर आणखी पैसे लागतील, असं अनेकांना वाटतं. खालचा हिशेब पाहा.

खर्चाचा ठोकळ अंदाज (३० माणसं, साधारण १० घरं)

- शिधा, तेल-तुपासह: २,४०० रु.
- आचारी किंवा मदतनीस: १,००० रु.
- स्टीलची ताटं-वाट्या-पेले भाड्यानं, पाण्याचे दोन जार: ४०० रु.
- ९ किलो गूळ: ६०० रु.
- झेंडू, आंब्याचे डहाळे, दोरा: २५० रु.
- अर्धा किलो साधा केक: ३०० रु.

एकूण ४,९५० रु. भाव मोसमाप्रमाणे हलतात, म्हणून पाचशे रुपये हाताशी ठेवा. घरच्या बायका-पुरुषांनी मिळून रांधलं तर आचाऱ्याचे हजार वाचतात.

जेवण

वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. खानदेशी पंगतीत हे चालतंच, आणि शेजारचं गुजराती कुटुंबही आवडीनं जेवतं. तीस जणांना बट्टीसाठी पाच किलो जाडसर पीठ, दोन किलो तूरडाळ, पाच किलो वांगी आणि किलोभर तूप पुरतं. भात दोन किलोच लावा. उरतो तो बहुधा भातच. गोडाला किलोभर रव्याचा शिरा. नंदुरबार-अमळनेरहून भुसावळच्या गाडीनं येणारे पाहुणे ‘काय आणू?’ विचारतात, तेव्हा खेळणी नको म्हणा आणि भरताची वांगी मागवा. हिवाळा असेल तर याहून मोठा अहेर नाही.

उत्सवमूर्तीचं ताट वेगळं: मऊ वरण-भात आणि कुस्करलेलं केळं. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध चाटवू नका, मग वाढदिवस चार दिवस आधीच्या रविवारी उरकत असलात तरीही. अख्खे शेंगदाणे घशात अडकतात, तेही दूर ठेवा. केकचा तुकडा फोटोपुरता. दोन वर्षांच्या आत वरून घातलेली साखर नकोच, असं बालआहाराचे सल्ले सांगतात.

ताटं आणि पाणी

मंडपवाल्याकडे किंवा गल्लीतल्या मंडळाकडे भांडी मिळतात. घेताना आणि परत देताना मोजून घ्या, नाहीतर हरवलेल्या वाट्यांचे पैसे भरावे लागतात. घासायला माणूस नसेल तर पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण आणा. ते ओल्या कचऱ्यात जातात. कागदी म्हणून विकल्या जाणाऱ्या चकचकीत ताटांना बहुधा आतून प्लास्टिकचा थर असतो. ती टाळा.

सजावट

१ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या वस्तूंची यादी वाचली तर वाढदिवसाचंच सामान वाटावं: फुग्याची प्लास्टिक काडी, सजावटीचा थर्माकोल, प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या डब्यावरचं वेष्टण, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनर. फुगे बंदीत नाहीत, पण फुटलेल्या फुग्याचा तुकडा रांगतं बाळ थेट तोंडात घालतं आणि श्वास कोंडतो.

सुरत साड्यांचं गाव. घरोघरी जुनी साडी, कटपीस, लेस पडलेलीच असते. ओळखीच्या शिंप्याकडून त्रिकोणी तुकड्यांचं तोरण शिवून घ्या. ते पुढे बोरन्हाणाला लागेल, धाकट्या भावंडालाही.

रिटर्न गिफ्टऐवजी गूळतुला

वर्षाचं मूल साधारण नऊ-दहा किलोंचं असतं. औक्षण झाल्यावर बाळाची गुळानं तुला करा. तराजू किराणावाल्याकडून तासाभरासाठी आणता येतो. बाळाला टोपलीत बसवा आणि एकानं धरून उभं राहा. मग ढेप फोडून, धुतलेल्या जुन्या सुती साडीच्या पुरचुंड्या बांधून घरटी पाऊण-एक किलो वाटा. बाजारात गणदेवीचा गूळ मिळाला तर उत्तम. वर्तमानपत्रात मात्र बांधू नका. छपाईची शाई खाण्याला लागते.

जागा आणि वेळ

सोसायटीची गच्ची फुकट, पण एप्रिल-मेमध्ये सहानंतरच बोलवा. पावसाळ्यात महापालिकेचा कम्युनिटी हॉल परवडतो का ते झोन ऑफिसात विचारा. भाड्याशिवाय अनामत किती आणि सफाईचे पैसे वेगळे का, हेही तेव्हाच विचारा. बोलावणं व्हॉट्सॲपवर पाठवा, पण आदल्या दिवशी फोन करून माणसं मोजा. आकडा पक्का असला की अन्न उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

२०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरसोबत पहिली आली, पण घंटागाडीत ओलं-सुकं वेगळं आपल्यालाच टाकावं लागतं. पंगतीशेजारी दोन डबे आधीच ठेवा आणि एका मोठ्या पोराला त्यांच्यापाशी उभं करा. ओल्यात वांग्यांची देठं, उष्टं आणि निर्माल्य जाईल. सुक्यात केकचा खोका आणि तेला-तुपाच्या रिकाम्या पिशव्या. तोरण मात्र घडी घालून पेटीत.