लाईन गेली तरी मशीन चालूच राहतं

बेटा, क्लाउडचं खातं उघडायच्या आधी एक गोष्ट मनात पक्की कर. हे काही ईमेलचं खातं नाही. इथे खात्याला कार्ड जोडलेलं असतं आणि आधी वापर, मग बिल असा व्यवहार असतो. दिग्रसची लाईन गेली, तुझा लॅपटॉप बंद पडला, तू जेवून झोपलीस, तरी मुंबईच्या डेटा सेंटरात तू सुरू केलेलं मशीन रात्रभर चालतं आणि मीटर फिरत राहतं. म्हणून पहिल्या दिवशी काहीही बनवायचं नाही. तो दिवस फक्त कड्या-कुलपं लावायचा.

एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झालं तेव्हापासून मी इथल्या पोरांना कॉम्प्युटर शिकवते आहे. तेव्हा चूक झाली तर फाईल जायची. आता चूक झाली तर घरचे पैसे जातात.

खात्याला ईमेल स्वतःचा दे, कॉलेजचा नको. कॉलेज संपलं की तो मेल बंद होतो, आणि ज्याच्या हातात ईमेल त्याचंच खातं असतं. मोबाईल नंबरही स्वतःचाच टाक. पत्ता दिग्रसचा, ४४५२०३ सकट नीट लिही. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडला भारतातला पत्ता दिला की बिल त्यांच्या भारतातल्या कंपनीकडून येतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी बसतो. कोणी परदेशातला पत्ता टाकायला सांगितलं तर ऐकू नकोस.

कार्डापाशी बरीच पोरं अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून नवीन कार्डावर ऑनलाइन व्यवहार आपोआप सुरू नसतात. ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आपणच चालू करावे लागतात. तिथेच मर्यादाही ठरवता येते. ती कमीच ठेव. अ‍ॅमेझॉन पडताळणीसाठी दोन रुपये कापतं आणि ते परत येतात, त्याने घाबरू नकोस. दादाचं, म्हणजे तुझ्या बाबांचं कार्ड वापरणार असशील तर ओटीपी त्यांच्या मोबाईलवर जाणार. ते वावरात असताना फोनवरून आकडे विचारायची सवय लावू नकोस. ओटीपी विचारणारा फोन आला की सांगून टाकायचा, ही सवय घरात एकदा लागली की उद्या कोणीही लुबाडेल. ते घरी असतील तेव्हा शेजारी बसवून कर, आणि कार्ड कशाला लागतं तेही त्यांना समजावून सांग.

जुन्या व्हिडिओत ‘बारा महिने फुकट’ असं ऐकशील. अ‍ॅमेझॉनच्या नव्या खात्यांना ते आता लागू नाही. १५ जुलै २०२५ पासून नियम बदलला आहे. खातं उघडताच १०० डॉलरचं क्रेडिट, ठरावीक कामं केली की आणखी १०० पर्यंत, आणि फ्री प्लॅन सहा महिने किंवा क्रेडिट संपेपर्यंत, जे आधी होईल ते. फॉर्ममध्ये फ्री आणि पेड असे दोन पर्याय दिसतील, त्यातला फ्री निवड. त्यात तू स्वतः पेडवर गेल्याशिवाय कार्डातून पैसे कापत नाहीत. गुगल ९० दिवसांसाठी ३०० डॉलर देतं, मायक्रोसॉफ्ट ३० दिवसांसाठी २००. विद्यार्थ्यांसाठी मायक्रोसॉफ्टची वेगळी योजनाही आहे. तिला कार्ड लागत नाही, कॉलेजचा ईमेल मात्र लागतो. कार्डाची अडचण असेल तर तिथून सुरुवात कर.

खातं उघडलं की पहिल्यांदा आत जाशील ती रूट यूजर म्हणून. रूट म्हणजे सगळ्या किल्ल्या एका हातात. त्याला लगेच एमएफए लाव, म्हणजे पासवर्डानंतर ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा आकडी कोड मागितला जाईल. फोन हरवला किंवा बदलला की याच ठिकाणी माणूस अडकतो, म्हणून घरातल्या दुसऱ्या फोनवरही एमएफए लावून ठेव. अ‍ॅमेझॉन आठपर्यंत साधनं जोडू देतं. मग रोजच्या कामासाठी वेगळा यूजर तयार कर आणि रूट बंद करून ठेव. रूटची अ‍ॅक्सेस की तर कधीच बनवू नकोस. दुसऱ्या यूजरची की असली तरी ती कोडमध्ये लिहून गिटहबवर चढवायची नाही. अशा किल्ल्या शोधणारे प्रोग्राम चोवीस तास फिरत असतात. काही मिनिटांत की उचलतात आणि तुझ्या खात्यावर मोठमोठी मशीनं सुरू करतात.

त्यानंतर बजेट. बिलिंगच्या पानावर ‘झिरो स्पेंड बजेट’ नावाचा तयार साचा आहे. खर्च एक सेंटच्या वर गेला की मेल येतो. बजेट लावण्याचं २० डॉलरचं जादा क्रेडिटही मिळतं, तेव्हा आळस करायला कारणच नाही. पण एक ध्यानात ठेव. हे बजेट फक्त सांगतं, मशीन थांबवत नाही. आकडेही काही तास मागे असतात. सकाळी झालेला खर्च दुपारनंतर कळला असं होतं.

आता स्क्रीनच्या वर उजव्या कोपऱ्यात बघ. तिथे रीजनचं नाव असतं. मुंबईचं रीजन २०१६ पासून आहे, हैदराबादचं २०२२ पासून. तू मुंबईच धर, म्हणजे एपी-साऊथ-१. पुष्कळदा तिथे अमेरिकेतलं व्हर्जिनिया निवडलेलं असतं आणि लक्षात न येता मशीन तिथे सुरू होतं. दुसऱ्या दिवशी मुंबई उघडून बघितलं की यादी रिकामी! वाटतं, मशीन बंद झालं. ते बंद नसतं, दुसऱ्या गावात चालू असतं. काम सुरू करण्याआधी त्या कोपऱ्याकडे बघायचं, संपवतानाही बघायचं.

संपवतानाही ‘स्टॉप’ आणि ‘टर्मिनेट’ यातला फरक सांभाळ. स्टॉप केल्यावर मशीनचं भाडं थांबतं, डिस्कचं थांबत नाही. राखून ठेवलेल्या इलॅस्टिक आयपीचंही, म्हणजे मशीनच्या कायमच्या सार्वजनिक पत्त्याचंही, थांबत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीला तासाला अर्धा सेंट लागतो. वाचताना काहीच वाटत नाही, पण महिन्याचे तीनशेच्या वर रुपये होतात, वर जीएसटी. फ्री प्लॅनवर असशील तर तेवढं क्रेडिट वाया जातं. सराव झाला की टर्मिनेट कर, मग डिस्क आणि आयपी उरले का ते पाहा.

तेव्हा आज एमएफए आणि बजेट एवढंच कर, मशीनचं उद्या बघू. आणि बजेटचा मेल आला, तर घरच्यांपासून लपवत बसू नकोस. रात्रीचे कितीही वाजले असोत, मला फोन लाव.