कोळसा आगगाडीने आणायचा की तारेने?



पॉवर प्लांट इंजिनिअरिंगच्या पहिल्या तासाला मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो. नाशिक जिल्ह्यात कोळशाच्या खाणी किती? कुणी दोन म्हणतं, कुणी पाच. मागच्या बाकावरून "एकलहऱ्याला आहे ना सर!" हे उत्तर तर हमखास येतं. खरं उत्तर आहे शून्य. एकलहऱ्याला दिसतो तो कोळशाचा ढीग, खाण नव्हे.

आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे, म्हणजे थंड झालेला लाव्हारस. त्यात कोळसा सापडत नाही. महाराष्ट्राचा कोळसा आहे विदर्भातल्या गोंडवाना खडकांत. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वणी हा वर्धा नदीच्या खोऱ्यातला पट्टा आणि नागपूर जिल्ह्यातले उमरेड, सावनेर हे भाग. १९७० च्या दशकात खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. आज या भागातल्या बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी चालवते, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. चंद्रपूरहून वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड असं करत कोळसा आपल्याकडे पोचतो. अंतर सुमारे ७०० किलोमीटर! या लेखात मला या अंतराबद्दलच बोलायचं आहे. परीक्षेत थर्मल स्टेशनचा ले-आउट दहा मार्कांना येतो आणि तुम्ही तो छान काढता. पण त्या आकृतीत हे ७०० किलोमीटर कुठेच दिसत नाहीत.

एक संच, रोज एक मालगाडी

एकलहऱ्याच्या केंद्राचे पहिले दोन संच प्रत्येकी १४० मेगावॅटचे होते. ते १९७०-७१ मध्ये सुरू झाले आणि आता बंद झाले आहेत. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे आणखी तीन संच आले. आज केंद्राची क्षमता धरली जाते ती या तिघांचीच, म्हणजे ६३० मेगावॅट.

आता कॅल्क्युलेटर काढा. २१० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने २४ तास चालला तर सुमारे ५० लाख युनिट वीज तयार होते. आपल्याकडच्या कोळशाच्या एका किलोत ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी उष्णता असते आणि अशा जुन्या संचाला एका युनिटमागे अंदाजे २,५०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा. गुणाकार केला की दिवसाला ३,५०० टन! मालगाडीच्या एका रेकला ५८-५९ वाघिणी असतात आणि त्यात मावतो साधारण ३,५०० ते ४,००० टन माल. थोडक्यात, एक संच रोज एक अख्खी मालगाडी खातो. तिन्ही संच चालवायचे तर रोज तीन गाड्या हव्यात.

ओढा स्टेशनवरून गाडी केंद्राच्या सायडिंगला लागते. वॅगन टिपलर अख्खी वाघीण उचलून उलटी करतो. क्रशर ढेकळं फोडतो आणि पुढे मिलमध्ये कोळशाची चेहऱ्याला लावायच्या पावडरीसारखी भुकटी होते. ती बॉयलरमध्ये जळते, ५३५ ते ५४० अंशांची वाफ होते आणि टर्बाइन फिरतं. हे सगळं पुस्तकात आहे. गाडी आली नाही तर काय होतं, ते पुस्तकात नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये पावसाने खाणींचं काम अडलं आणि विजेची मागणी वाढली, तेव्हा देशातल्या कितीतरी केंद्रांत चार दिवसांचाही साठा उरला नव्हता.

बादलीभर गरम पाणी

७०० ग्रॅमचा हा हिशोब केंद्राच्या आतला. केंद्रातले पंप, पंखे, मिल स्वतःच नऊ-दहा टक्के वीज वापरतात. पुढे वाहिन्यांत आणि रोहित्रांत आणखी गळती होते. ती १५ टक्के धरली तर हॉस्टेलच्या मीटरवर एक युनिट पडायला जवळजवळ ९०० ग्रॅम कोळसा जळतो.

रेक्टर साहेबांची नजर चुकवून जे १५०० वॅटचा रॉड लावतात, त्यांच्यासाठी खास उदाहरण. वीस मिनिटांत अर्धं युनिट, म्हणजे साडेचारशे ग्रॅम कोळसा. त्या कोळशातली साधारण २७ टक्के उष्णता तुमच्या बादलीत पोचते. बाकीची कूलिंग टॉवरमधून, चिमणीतून आणि तारांतून वाटेतच जाते. (आपल्या तारेत जलविद्युत, अणू, सौर, पवन सगळीच वीज मिसळलेली असते. पण महाराष्ट्रात सर्वात मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे.)

मग केंद्र इथे कशाला बांधलं?

मुलं विचारतात, "सर, खाण चंद्रपूरला तर केंद्र इथे कशाला?" प्रश्न रास्त आहे. १९७० च्या आसपास सातशे किलोमीटर वीज वाहून नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या आपल्याकडे नव्हत्या. मागणी मात्र मुंबई, ठाणे, नाशिक या पट्ट्यात वाढत होती. नाशिकला पाणी होतं आणि मुंबई-भुसावळ हा मुख्य रेल्वेमार्ग होता. वीज आणता येत नव्हती म्हणून कोळसा आणला. त्या काळाच्या मानाने हा निर्णय बरोबरच होता.

पुढे तंत्रज्ञान बदललं. १९९९ मध्ये चंद्रपूर ते भिवंडीजवळचं पडघे अशी ५०० किलोव्होल्टची एकदिश दाबाची वाहिनी सुरू झाली. लांबी ७५२ किलोमीटर, क्षमता १,५०० मेगावॅट. त्याच खोऱ्यातला कोळसा आता खाणीशेजारी जाळून तारेने पश्चिमेला पाठवता येतो. गाडीचं भाडं नाही, गाडीची वाटही बघायला नको.

आता मेरिट ऑर्डर समजून घ्या. कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची हे ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र ठरवतं. ज्याचा युनिटमागचा इंधनखर्च कमी, त्याचा नंबर आधी. एकलहऱ्याचा संच जुना आहे आणि वर ७०० किलोमीटरचं भाडं, त्यामुळे तो रांगेत मागे राहतो. पावसाळ्यात मागणी उतरली की संच थांबवायची पाळी येते. कामगार तेच, यंत्र तेच, कौशल्यही तेच, आड येतं ते अंतर. केंद्रावर कायम आणि कंत्राटी कामगार, कॉलनी, गाड्यांवरचे ड्रायव्हर, टपरीवाले असा सगळा संसार उभा आहे. म्हणूनच ६६० मेगावॅटचा नवा, कमी कोळसा खाणारा संच इथे यावा ही मागणी नाशिककर इतकी वर्षं करत आहेत.

शेजारच्या सिन्नरचं उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवा. तिथे २७० मेगावॅटचे पाच संच उभे राहिले आणि अनेक वर्षं नुसते उभेच राहिले. वीज विकत घेणाऱ्याशी करार नव्हता आणि कोळसा आणायच्या रेल्वेमार्गाच्या जमिनीचा प्रश्न सुटत नव्हता. यंत्र पूर्ण झालं म्हणजे प्रकल्प पूर्ण झाला असं होत नाही, ते असं.

राख कुणाच्या अंगणात?

इथवर वाचून कुणी म्हणेल, "सोपं आहे सर. सगळं चंद्रपूरलाच जाळा, आपण तार ओढू." थांबा, हिशोब अजून अर्धा आहे.

आपल्या कोळशात साधारण ३५ टक्के राख असते. ३,५०० टनांच्या गाडीत १,२०० टनांवर राखच असते आणि तिचंही रेल्वेभाडं आपण भरतो! खाणीपासून ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या केंद्रांनी ३४ टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा वापरू नये, असा नियम २०१४ मध्ये केंद्र सरकारने केला होता. मे २०२० मध्ये तो काढला. राखेचा उपयोगही होतो. १९९९ च्या अधिसूचनेपासून औष्णिक केंद्राच्या परिसरात विटांमध्ये राख वापरणं बंधनकारक झालं. सिमेंटमध्ये आणि रस्त्याच्या भरावात ती जाते. त्यातून छोटे वीट कारखाने चालतात, टँकर चालतात, हाताला काम मिळतं. उरलेली राख बंधाऱ्यात साठते आणि उन्हाळ्यात वारा सुटला की उडते. आजूबाजूच्या गावांना विचारा, त्यासाठी आलेख काढावा लागत नाही.

आता हीच राख चंद्रपूरला ठेवली तर? तिथे आधीच २,९२० मेगावॅटचं केंद्र आहे, खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित ४३ औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तिच्यात चंद्रपूर अगदी वरच्या क्रमांकांत होतं. तारेतून वीज येते, पण राख, धूळ आणि विस्थापन तिथेच राहतं. मेरिट ऑर्डरच्या तक्त्यात या खर्चाला रकाना नाही.

तर मग आगगाडी की तार? माझ्या मते नुसत्या इंधनखर्चात तार जिंकते, यात शंका नाही. पण तार निवडली तर चंद्रपूरच्या हवेचा, पाण्याचा, राखेचा खर्चही बिलात धरायला हवा. आणि एकलहऱ्याचे संच बंद करायचे असतील तर तिथल्या माणसांना पुढे कोणतं काम, याचं उत्तर आधी द्यायला हवं. उद्या तुमच्यापैकी कुणी महानिर्मितीत जाईल, कुणी रेल्वेत, कुणी सौर प्रकल्पांत. "स्वस्त वीज" हा शब्द कानावर आला की एवढंच विचारा: कुणासाठी स्वस्त?

गृहपाठ

१. हॉस्टेलच्या ऑफिसमधून मागच्या महिन्याचं वीजबिल मागून घ्या. युनिटला ०.९ ने गुणा म्हणजे कोळसा किलोत मिळेल. त्याला ०.३५ ने गुणलं की राख. १०,००० युनिट असतील तर ९ टन कोळसा आणि ३ टनांहून जास्त राख!

२. सगळी वीज कोळशाची नसते हे लक्षात घेऊन हा आकडा दुरुस्त करा. कोणतं गृहीतक धरलं ते लिहा.

३. कॅम्पसमध्ये कुठे बांधकाम चालू असेल तर विटा राखेच्या आहेत का ते पाहा, आणि राख कुठून आली ते मिस्त्रींना विचारा.

उत्तरं स्टाफरूममध्ये आणून द्या. मार्क नाहीत, पण चहा माझ्याकडून.