हिंग : वाळवंटातील औषधी डिंक

‘हिंग लावूनही कोणी विचारत नाही’ असे आपण सहज म्हणतो. मात्र हा हिंग येतो कोठून, हे क्वचितच विचारतो. फेरुला वंशातील ही वनस्पती इराण व अफगाणिस्तानच्या शुष्क, थंड प्रदेशांत वाढते. काही वर्षे वाढलेल्या झाडाच्या मुळाला छेद देतात. पाझरलेला चीक वाळला की हिंग तयार होतो.

विनयपिटकातील महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात तथागतांनी आजारी भिक्खूंसाठी जी डिंकरूप औषधे अनुज्ञात केली, त्यांत ‘हिंगु’ प्रथम येतो. ही औषधे आयुष्यभर जवळ ठेवता येतात. परंतु कारणाशिवाय सेवन केल्यास दोष मानला आहे. औषधाचा विवेक याहून नेमका कोणता?

पोटफुगी व अपचनावर हिंग देण्याची परंपरा जुनी आहे. आयुर्वेदातील हिंग्वाष्टक चूर्ण प्रसिद्धच आहे. आपल्या घरांतही बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप लावतात. तथापि तान्ह्या बाळाच्या पोटात हिंग कदापि देऊ नये. त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून जीवास धोका संभवतो. पोटदुखी थांबत नसेल, तर डॉक्टरांकडेच जावे.

15 ऑक्टोबर 2020 रोजी पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा संस्थेने लाहौल खोऱ्यातील क्वारिंग गावी हिंगाचे रोप लावून भारतात लागवडीस आरंभ केला. परंपरा जपावी, पण पारखून. हाच संस्कार आपण विद्यार्थ्यांना द्यावयाचा आहे.