थंडीचा बंदोबस्त दुपारीच

नातसूनबाई,

तुझं माहेर ठाण्याचं. समुद्र जवळ असला की हिवाळाही सौम्य असतो, एक शाल घेतली की भागतं. जालन्यात तसं भागत नाही. आपला मुलूख समुद्रापासून लांब, पठारावर, सुमारे ५०० मीटर उंचीवर. पावसाळा सरला की इथली हवा कोरडी होते, आभाळ निरभ्र राहतं आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. मार्गशीर्ष-पौषात दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो, पहाटे तोच १०-१२ वर येतो. उत्तरेकडची लाट आली की एक आकडी होतो. शेजारच्या परभणीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत तर तो ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. मधेच कधी आभाळ भरून आलं तर त्या रात्री थंडी कमी वाटेल, पण आभाळ मोकळं झालं की ती दुपटीनं बोचते. तेव्हा ढगाळ रात्रीच्या भरवशावर राहू नकोस.

परवा फोनवर म्हणालीस, सगळं लावून घेतलं तरी पायाशी गार झुळूक येते, हीटर घ्यावा का? तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेला मोकळं मैदान. वारा थेट खिडकीवर येणारच. हीटर घ्यायचा तर घ्या, पण फटी तशाच राहिल्या तर विकतची ऊब फटीतूनच जाईल. माझ्या सासूबाईंनी भोकरदनच्या घरात मला पहिल्यांदा जे सांगितलं, तेच तुला सांगते: थंडी रात्री येते, पण तिचा बंदोबस्त दुपारीच करायचा.

ऊन घरात घे, आणि वेळेवर कोंडून ठेव

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. २२ डिसेंबरच्या सुमाराला जालन्यात तो भर दुपारीही डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे साधारण ४७ अंशांवर राहतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खूप आत शिरतं. खिडकीची वरची चौकट फरशीपासून सात फुटांवर असेल आणि वर मोठा छज्जा नसेल, तर ऊन सहा-साडेसहा फूट आतपर्यंत फरशीवर पडतं. मे महिन्यात हाच सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा या खिडकीतून ऊन येत नाही. म्हणजे ही खिडकी हिवाळ्यासाठीच दिलेली आहे असं समज. सकाळी नऊपासून तिचा पडदा पूर्ण बाजूला सार. उन्हाच्या जागी गालिचा असेल तर तो गुंडाळून ठेव, उघडी फरशी ऊन जास्त धरून ठेवते.

अकरा ते चार खिडक्या उघड्या ठेव. त्या वेळी बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम असते, ती आत येऊ दे. घर वाळतंही आणि कुबटपणाही जातो. मात्र साडेपाचच्या आत सगळ्या खिडक्या लाव आणि जाड पडदे ओढ. बहुतेकजण टीव्ही बघता बघता साडेसात-आठला खिडक्या लावतात. तोवर भिंती निवायला लागलेल्या असतात. दिवेलागणीच्या आधी खिडक्या लागल्या की डासांचाही बंदोबस्त होतो.

गावाकडच्या माळवदाच्या घराच्या भिंती दीड-दोन हात रुंद, वर मातीचा थर. दिवसाची ऊब त्या मातीत मुरायची आणि रात्रभर सावकाश घरात उतरायची. फ्लॅटच्या भिंती त्या मानानं पातळ, जे मिळालं ते लवकर सोडून देतात. म्हणून तुला वेळ जास्त कसोशीनं पाळायची आहे.

फट शोधायची कशी

वारा सुटलेला असेल अशा दिवशी दिवेलागणीनंतर पंखे बंद कर, पडदे बाजूला बांध आणि एक अगरबत्ती लाव. खिडकीच्या चौकटीच्या कडेकडेनं ती अगदी सावकाश फिरव. धूर सरळ वर जातोय तिथं काही करायचं नाही. जिथं तो एकदम घराच्या आत वाकतो, तिथं पेन्सिलीनं खूण कर. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना हमखास तीन ठिकाणी खुणा होतील. दोन काचा मधोमध एकमेकींवर येतात ती उभी रेघ. खालच्या पट्टीतली पावसाचं पाणी जायची बारीक छिद्रं. आणि चौकट जिथं भिंतीला टेकते तिथली भेग.

काचांच्या मधल्या रेघेत लोकरीसारखी बारीक पट्टी असते. ती झिजली की वारा येतो. ॲल्युमिनियमचं काम करणाऱ्याकडून ती बदलून घे, फार खर्चाचं काम नाही. तो येईपर्यंत जुन्या बनियनची पट्टी कापून सुरीच्या बोथट बाजूनं फटीत दाबून बसव. पाण्याच्या छिद्रांत कापसाचे बोळे घाल, पण कॅलेंडरवर मृग नक्षत्राच्या आधी ते काढायचे म्हणून खूण करून ठेव. नाहीतर पहिल्याच पावसाचं पाणी घरात येईल. भिंतीजवळची भेग पांढऱ्या सिमेंटनं दुपारी बुजव.

दारांचंही बघ. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं आणि थंडीत आकसतं, म्हणून श्रावणात जे दार घट्ट बसत होतं त्याच्याखालून आता बोट जातं. जुन्या जीन्सचा एक पाय काप, दोन्ही टोकं शिव, आत कोरडी वाळू भर आणि रात्री दाराच्या बुडाशी लाव. नुसती कापडाची वळकटी वाऱ्यानं सरकते, वाळूची हलत नाही. जिन्याकडच्या मुख्य दाराला ही आधी कर, कारण जिन्यातून वारा खालपासून वर चढतो.

न्हाणीघरातल्या काचेच्या पट्ट्या आणि स्वयंपाकघरातला झरोका मात्र बुजवू नकोस. त्या खोल्यांची दारं रात्री लावून घे म्हणजे झालं. गॅस जळतो त्या खोलीला हवा लागतेच.

पलंग कुठं, अंथरूण कसं

पलंग उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवू नकोस. ती भिंत दिवसभर ऊन बघत नाही. पश्चिमेच्या किंवा आतल्या भिंतीकडे घे, पश्चिमेची भिंत दुपारभर तापलेली असते. जागाच नसेल तर भिंतीपासून वीतभर सरकव आणि मधे सतरंजी टांग.

लोक वर तीन-तीन पांघरुणं घेतात आणि खाली एक पातळ गादी. थंडी खालून चढते. तीन पांघरुणं असतील तर त्यातलं एक अंगाखाली घे. फरशीवर झोपणार असाल तर आधी कोरडं बारदान, त्यावर सतरंजी, मग गादी. आपल्या अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणारी माणसं पौष-माघ कोपीत काढतात. घरात फरशीवर झोपणाऱ्याचे हे हाल, तर उघड्या रानात जमिनीवर पाठ टेकणाऱ्याचे काय असतील, याचा विचार कर.

पांघरुणाची ऊब त्याच्या वजनात नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते. म्हणून दोन पातळ पांघरुणं एका जाडपेक्षा बरी. अंगाशी मऊ सुती गोधडी, तिच्यावर घोंगडी. घोंगडीचा पोत घट्ट, ती वारा अडवते, आणि वर असल्यानं टोचत नाही. आपण जुन्या नऊवारीचे थर लावून धावदोऱ्यानं गोधडी शिवतो, तेव्हा त्या थराथरांत हवा राहते. तुझ्या कपाटातली मी शिवलेली गोधडी शोभेची म्हणून ठेवू नकोस, वापर. धुवायची भीती बाळगू नकोस.

गादी-रजईतला कापूस दबून गठ्ठे झाले असतील तर दिवाळीच्या आधी पिंजून घे. आपला जिल्हा कापसाचा, पिंजून देणारे अजून मिळतात. आणि आठवड्यातून दोनदा तरी पांघरुणं गच्चीवर टाक. रात्रभराचा घाम कापसात मुरतो आणि ओलसर कापूस ऊब धरत नाही. बारा वाजता टाकायची, तीनला उलटायची, चार वाजायच्या आत खाली आणायची. ऊन अंगात असतानाच घडी घालून चादरीत गुंडाळून ठेव. रात्री दहाला उघडशील तेव्हाही आत हात घातलास तर कोमट लागेल.

पाय, कान आणि पोट

रात्री गव्हाला पाणी द्यायला जाणारा गडी घरी आला की सगळ्यात आधी पाय पुसून कोरडे करतो, मग शेकोटीजवळ बसतो. ओल्या पायांनी शेकून उपयोग नसतो. तूही भांडी झाली की पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांतलं पाणीसुद्धा पूस, कोमट तिळाचं तेल लाव आणि सुती मोजे घाल, वरून वाटलं तर लोकरीचे. दिवसा घातलेले मोजे रात्री नकोत, त्यात घाम असतो. कान झाकलेले असू देत.

आपल्याकडे हिवाळ्यात जवारीच्या जोडीला बाजरी येते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतात ती एका दिवसाची रीत नाही, सगळ्या हंगामाचं खाणं आहे. गरम भाकरी, लोणी, लसणाचा भुरका किंवा जवसाची चटणी, आणि वर गुळाचा खडा. संध्याकाळी हुलग्याचं माडगं कर: हुलग्याचं भाजून दळलेलं पीठ पाण्यात कालवायचं, लसूण-जिऱ्याची फोडणी, आमसूल, मीठ, आणि पातळच उकळायचं. ते पिऊन अंगात ऊब येते. जेवण आठच्या आत व्हावं. तेवढ्या वेळात स्वयंपाकाची ऊबही घरात मुरते, म्हणून रात्रीचा स्वयंपाक खिडक्या लागल्यावर करत जा, मात्र झरोका उघडा ठेवून.

हे कधीही करायचं नाही

इथं मी सांगते तसंच कर, त्यात तडजोड नको.

बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं ठेवायचं नाही. धूर दिसत नाही म्हणून ते निर्धोक वाटतं. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. माळवदाच्या घराला धूर जायला वर साणं होतं, दाराच्या फळ्यांतून वारा यायचा. तुझं घर आपण आत्ताच बंद करून घेतलं आहे, त्यामुळे धोका वाढला आहे हे लक्षात ठेव. गॅसची शेगडी खोली गरम करायला पेटवायची नाही. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत असेल तर तो बाहेर काढून घ्या. तोवर पाणी बादलीत भरून, गिझर बंद करून मगच आत जायचं. आंघोळीत कुणाला डोकं दुखून चक्कर आली तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत न्यायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

विजेचा हीटर घेतलात तर तो थेट भिंतीतल्या मोठ्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शनला नाही. पडदा आणि पांघरूण त्यापासून तीन फूट लांब. झोपायच्या आधी अर्धा तास लावा, झोपताना बंद करा. पाणी तापवायचा रॉड लोखंडी बादलीत लावू नका, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

लेकरू आणि म्हातारी माणसं

बाळाच्या अंगावर जड गोधडी टाकू नकोस, तोंडावर तर कधीच नको. त्याला कपड्यांचे थर घाल. त्याच्या मानेमागं हात लावून बघ, घाम असेल तर एक थर काढ. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नकोस, छाती-पाठ कोमट असली की लेकरू ठीक आहे. गरम पाण्याची पिशवी बाळाजवळ ठेवायची नाही.

तुझ्या सासऱ्यांना साखरेचा त्रास आहे, तळपायाला चटका कळत नाही. त्यांच्यासाठी पिशवी दोन-तृतीयांशच भर, हवा काढून झाकण लाव, टॉवेलात गुंडाळ, अंथरुणात आधी ठेव आणि ते झोपायला आले की काढून घे. गरम अंथरुणात झोपणं वेगळं आणि गरम पिशवीला पाय लावून झोपणं वेगळं. पहाटे पाचला फिरायला जायची त्यांची सवय पौषात मोडायला लाव. सगळ्यात कडाक्याची थंडी सूर्य उगवायच्या सुमारालाच असते, आणि म्हाताऱ्या माणसाचं ब्लडप्रेशर गारठ्यात वाढतं. ऊन वर आल्यावर आठला जाऊ देत.

आता लगेच काय करायचं

पहिल्या दिवशी अगरबत्ती फिरव आणि खुणा कर. दुसऱ्या दिवशी वाळूची वळकटी शिव. येत्या रविवारी पलंग सरकवा आणि सगळी पांघरुणं गच्चीवर टाका. यातलं काहीच जमलं नाही तरी साडेपाचला खिडक्या लावायचं तेवढं चुकवू नकोस. दोघं नोकरीला जात असाल तर जो आधी घरी येईल त्यानं हातपाय धुवायच्या आधी ते काम करायचं.

आणखी एक. तुमच्या बिल्डिंगचा वॉचमन रात्रभर खाली पत्र्याच्या केबिनमध्ये बसतो. पत्रा भिंतीपेक्षाही लवकर गार पडतो. कपाटातली एक घोंगडी त्याला दे, आणि केबिनचं दार लावून आत शेगडी पेटवायची नाही हेही त्याला नीट समजावून सांग. शेकोटी करायची तर बाहेर उघड्यावर. घरात ऊब धरायला शिकलीस की ती खालीही पोचव. आपल्या घरात रीत आहे ती.